स्पीकर कशानं गेला?

स्पीकर आपल्या मरणानं क्वचितच मरतो. बहुतेक वेळा त्याला कुणीतरी मारलेलं असतं. कधी ॲम्प्लिफायरनं, कधी गावच्या विजेनं, कधी उंदरानं, कधी आपल्याकडच्या उन्हाळ्यानं. नांदेडला आणि लातूरला घरगुती डेक, ॲम्प्लिफायर, होम थिएटर दुरुस्त करण्यात माझी उमर गेली, आणि या कामात एक गोष्ट मी कधी सोडली नाही. कशानं गेला हे कळल्याशिवाय नवा स्पीकर बसवायचा नाही. बसवायला लागतं काय? चार स्क्रू आणि दोन वायरींना टाका. पण मारणारा आत तसाच बसून असेल तर नवाही त्याच वाटेनं जातो, आणि ज्यानं उन्हातान्हात कापूस वेचून ते पैसे आणलेले असतात त्याच्या खिशाला दोनदा खार लागतो. ते मला सहन होत नाही.

माझं दुकान नांदेडला वजिराबादेत. आठवड्यातला एक दिवस लातूरला. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका रस्त्यावर मेहुण्याचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत माझं टेबल मांडलेलं असतं. लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर या रस्त्यानं एसटीत पायाशी पोत्यात गुंडाळलेले वूफर घेऊन मी वर्षानुवर्षं ये-जा केली. सुटे भाग आणायचे तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा आम्हाला हैदराबाद जवळ. कोठीच्या गुजराती गल्लीत कोन, स्पायडर, फोम, कॉइल, ट्रान्झिस्टर, सगळं एका फेरीत मिळून जातं.

दोन्ही शहरांचे कान वेगळे आहेत. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आसपासच्या घरांतून जे स्पीकर येतात त्यांच्यावर दिवसभर कीर्तन चालतं, म्हणजे बाजा, तबला आणि रागींचा गळा. तिथल्या माणसाला बेस थोडा कमी चालेल, पण गळा स्वच्छ पाहिजे. देगलूर नाक्याकडची काही मंडळी कव्वालीच्या कॅसेटी आजही जपून आहेत. टाळी टाळीसारखी वाजली नाही तर डेक परत घेऊन येतात. लातूरला जुन्या आडत्यांच्या घरात मोठाल्या लाकडी खोक्यांचे स्टिरिओ आहेत, आणि शिकवणीसाठी बाहेरगावाहून आलेल्या पोरांच्या खोल्यांत मुठीत मावणारे ब्लूटूथ स्पीकर. हलगी आणि संबळ मात्र दोन्हीकडं सारखेच. हलगीचा पहिला ठोका ही स्पीकरची खरी परीक्षा. कोन ढिला असला तर ठोका बोथट होतो आणि त्याच्या मागं एक नको असलेली थरथर रेंगाळत राहते.

माणूस दुकानात येतो तो निदान बरोबर घेऊनच येतो. "काका, स्पीकर फाटलाय, आवाजच येईना गेलाय. नवा टाका." मी आधी त्याला बसवतो आणि विचारतो. कधीपासून? एकाच खोक्यातून की दोन्हींतून? सगळ्या गाण्यांना की ढोल वाजला की? हळू आवाजातही खरखर येते की मोठा केल्यावरच? मधे लाईट गेली होती का, घराला रंग दिला होता का, लग्नात कुणाला दिला होता का? या प्रश्नांत निम्मं काम होऊन जातं. हळू आवाजातही सतत खरखर असेल तर माझा संशय व्हॉल्यूमच्या पॉटवर किंवा सुटलेल्या टाक्यावर जातो. मोठ्या आवाजातच फाटत असेल तर कोन, कॉइल नाहीतर ॲम्प्लिफायरची ताकद. रंग दिल्यानंतर "बेसच गेला" म्हणत असेल तर खोकं न उघडता मला उत्तर माहीत असतं.

मग अदलाबदल. डावा स्पीकर उजव्या बाजूला जोडायचा, उजवा डाव्या. खरखर त्याच खोक्यातून येत राहिली तर दोष खोक्यात. ती दुसऱ्या खोक्यात गेली तर स्पीकर निर्दोष आहे, दोष मागं आहे. याला पैसा लागत नाही, हत्यार लागत नाही, हे घरी कुणालाही करता येतं, आणि तरी शेकडो माणसं ते न करता नवीन स्पीकर घ्यायला निघतात. यात एकच पथ्य आहे. जळका वास येत असेल, किंवा सेट सुरू करताच कोन पुढं नाहीतर आत ओढला जाऊन तिथंच थांबत असेल, तर अदलाबदल करायची नाही. नाहीतर चांगला स्पीकरही त्याच तोंडी दिल्यासारखं होतं.

घड्याळात घालतो तो दीड व्होल्टचा सेल माझ्या टेबलावर कायम असतो. स्पीकरच्या दोन्ही टोकांना तो क्षणभर टेकवला की चांगला स्पीकर 'कट्ट' करतो आणि कोन हलतो. सेलचं धन टोक लाल खुणेला लावलं तर कोन बाहेर यायला पाहिजे. आत गेला तर जोडणी उलटी. दोन स्पीकरांपैकी एक असा उलटा जोडलेला असला की एक हवा पुढं ढकलतो त्याच वेळी दुसरा मागं ओढतो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. दिवाळीआधी घराला रंग देताना वायरी सोडायच्या आणि नंतर अंदाजानं जोडायच्या, यातून हा दोष होतो. आश्विन-कार्तिकात माझ्याकडं असे कितीतरी जण येतात. वायरींची अदलाबदल करून मी त्यांना पाठवून देतो.

सेलनं आवाज नाहीच आला तर मल्टिमीटर. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर सहा-सात ओहम दाखवतो, चार ओहमचा तीन-साडेतीनच्या आसपास. त्यात चिंतेचं काही नाही. छापलेला आकडा चालू आवाजातला असतो आणि मीटर नुसत्या तारेचा रोध मोजतं. काटा हललाच नाही तर तार कुठंतरी तुटली आहे. पण ती नेहमी कॉइलच तुटलेली असते असं नाही. खोक्याच्या टर्मिनलपासून कोनापर्यंत ज्या दोन विणलेल्या लवचीक वायरी येतात, त्या कोन हलेल तशा लाखो वेळा वाकतात आणि कोनाला चिकटवलेल्या जागी आतल्या आत तुटतात. वरून धड दिसतात. बोटानं हलवून मीटर पाहिलं की कळतं. नवी वायर टाकली की तो स्पीकर पुन्हा वर्षानुवर्षं चालतो, आणि खर्च चहापाण्याइतका. 'कॉइल उडाली' म्हणून असे स्पीकर भंगारात गेलेले मी पाहिले आहेत.

शेवटची परीक्षा हाताची. दोन्ही हातांची बोटं कोनावर सारख्या अंतरावर ठेवायची आणि सारख्या दाबानं हळूच आत ढकलायचं. कोन गुपचूप आत-बाहेर झाला तर ठीक. आतून 'खर्र' आलं तर कॉइल लोहचुंबकाच्या फटीत घासते आहे. ती फट मिलिमीटरच्या हिशेबातली. १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी हा हलत्या कॉइलचा स्पीकर मांडला, आणि शंभर वर्षं झाली तरी त्याचं हृदय तेच आहे. चुंबकाच्या अरुंद फटीत एक बारीक तारेचं वेटोळं, त्याला चिकटलेला कोन, आणि ते वेटोळं बरोबर मधोमध तोलून धरणारा स्पायडर. या तोलात फरक पडला की घासणं आलं.

आता मारणाऱ्यांकडं येतो. सगळ्यांत वाईट म्हणजे डीसी. मुखेड तालुक्यातल्या एका घरचा ॲम्प्लिफायर माझ्याकडं आला तेव्हा त्यातला उजवा वूफर आधी बाहेर बदलून झालेला होता आणि तोही जळाला होता. घरचा मुलगा पुन्हा नवा वूफर हातात घेऊनच आला होता. "हा बसवा फक्त," म्हणाला. मी वूफर बाजूला ठेवला, स्पीकरच्या टर्मिनलवर काहीच न जोडता सेट सुरू केला आणि मीटर लावलं. तिथं शांत बसलेल्या सेटमध्ये फार तर काही मिलिव्होल्ट दिसायला पाहिजेत. दिसले एकवीस व्होल्ट. ५२०० आणि १९४३ या जोडीतला एक ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन बसला होता. हिशेब सोपा आहे. साडेसहा ओहमच्या कॉइलमधून एकवीस व्होल्टनं सव्वातीन अँपियरच्या आसपास करंट जातो, म्हणजे सत्तर वॅटच्या घरात नुसती उष्णता. गाणं वाजताना कोन हलतो, हवा खेळते, कॉइल गार होते. डीसीत कोन एका बाजूला ओढला जाऊन तिथंच उभा राहतो, आवाज काहीच येत नाही, आणि माणसाच्या लक्षात येईपर्यंत वास सुटलेला असतो. मी त्या मुलाला मीटरचा आकडा दाखवला. ट्रान्झिस्टरची जोडी बदलली, ड्रायव्हरचे दोन रेझिस्टर गेले होते ते बदलले, आणि रिलेचं एक छोटं प्रोटेक्शन बोर्ड बसवलं, जे डीसी दिसताच स्पीकर तोडून टाकतं. त्याच्या हातातला नवा वूफर मग बसवला. आता जो कुणी घरी ॲम्प्लिफायर जोडून घेईल त्याला मी हे बोर्ड टाकायला लावतोच. वूफरच्या किमतीपुढं त्याची किंमत काहीच नाही.

दुसरा मारणारा जास्त फसवा. लोकांना वाटतं, मोठा ॲम्प्लिफायर स्पीकर जाळतो. घरगुती ट्विटर मी जास्त करून लहान ॲम्प्लिफायरांनी जाळलेले पाहिले. ४४४० या आयसीचा साधा बोर्ड घ्या. एका बाजूला सहा वॅट हा त्याचा खरा दम. घरात बसून ऐकायला तो पुरतो. पण गणपतीत तोच सेट ओसरीत आणून गल्लीला ऐकवायचा म्हटलं की बटण शेवटपर्यंत फिरतं. आयसीला जितकं देता येतं त्यापेक्षा जास्त मागितलं की लाटांचे शेंडे सपाट कापले जातात, आणि त्या कापण्यातून मुळात गाण्यात नसलेले वरचे सूर तयार होतात. ते सगळे ट्विटरच्या वाट्याला येतात. ट्विटरची कॉइल इतकी बारीक तारेची असते की तिला एवढी ऊब सोसत नाही. चौदा एप्रिलची जयंती, लग्नसराई आणि मग गणपती, या तीन हंगामांनंतर माझ्या टेबलावर ट्विटरांची रास पडते. पोरांच्या उत्साहाला मी कधी नावं ठेवत नाही. त्यांना एवढंच सांगतो की आवाज कर्कश व्हायला लागला की तो सेटचा शेवट आहे, तिथून थोडं मागं या. गल्लीसाठी गल्लीचा सेट भाड्यानं मिळतो.

वीज हा तिसरा. गावाकडं पावसाळ्यात तारा एकमेकींत अडकल्या किंवा न्यूट्रल तुटला की घरात दोनशे तीसच्या जागी चारशेच्या जवळ व्होल्टेज चढतं. ट्रान्सफॉर्मर जातो, कधी त्याच्याबरोबर पुढचंही सगळं. यात स्पीकरचा दोष शोधायला जाऊच नये.

गुणगुण वेगळी. आपली वीज पन्नास हर्ट्झची. ती रेक्टिफायरमधून गेली की शंभरची होते. त्यामुळं सेटमधून येणारी गुणगुण कान देऊन ऐकली तर दोष कुठला ते कळतं. खालच्या सुरातली घुम्म असेल तर ती पन्नासची, म्हणजे अर्थिंग किंवा पिनेची जाळीदार वायर सुटलेली. बरोबर एक सप्तक वरची असेल तर शंभरची, म्हणजे फिल्टरचे मोठे कॅपॅसिटर वाळलेले. हार्मोनिअम वाजवणाऱ्या माणसाला हे मी एकदा सांगितलं की तो घरबसल्या मला फोनवर दोष सांगतो. कॅपॅसिटर वाळतात ते उन्हानं. त्यांच्या आत ओलसर द्रव्य असतं, आणि ढोबळ हिशेब असा की दहा अंश तापमान वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. एप्रिल-मेमध्ये नांदेड-लातूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. पत्र्याखालच्या खोलीत, टीव्हीच्या वर, कापडी झालर घालून झाकलेल्या सेटच्या पोटात किती होत असेल? झालर काढा, एवढं मी प्रत्येक घरात सांगतो, आणि घरातल्या बाईला ती झालर स्वतः विणलेली असल्यानं वाईट वाटतं. मग तिला ती फ्रिजवर घालायला सांगतो.

जिवांचं काय सांगू? अर्धापूरच्या एका केळी बागायतदाराच्या घरून दोन उत्तम खोकी आली होती, तक्रार एकच, बेस निघत नाही. वूफर धड, कॉइल धड, ॲम्प्लिफायर धड. खोक्याच्या मागं हवेसाठी जी नळी असते तिच्यात बोट घातलं तर बोट अडलं. कुंभारणीनं आत मातीची घरटी बांधली होती, एकीला एक लागून, नळी पार बंद. नळी आणि खोक्यातली हवा मिळून खालचे सूर उचलत असतात. नळी बुजली की ते सूर बसतात. पेचकसानं माती हळूहळू पाडली, खोकं उलटं करून झटकलं, आणि नळीच्या तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा लावला. लातूरला भुसारवाल्यांच्या घरी कुंभारणीपेक्षा उंदीर. तुरीचं पोतं सोडून ते कागदी कोन का खातात, याचा मला अजून उलगडा झालेला नाही.

आणि मग फोम. ही एकच गोष्ट अशी की जिच्यात स्पीकर खरंच म्हातारा होऊन जातो. नव्वदीच्या दशकात जे डेक आणि खोकी घरोघर आली, त्यातल्या बऱ्याच वूफरांच्या कडेला कोन आणि चौकटीच्या मधे मऊ फोमची कड होती. हा फोम हवेतल्या दमटपणानं आणि उजेडानं आपोआप विघटत जातो. वापरा, न वापरा, पंधरा-वीस वर्षांत त्याचा भुगा होतो किंवा डांबरासारखा चिकट लगदा. माणूस म्हणतो, गेली पाच वर्षं लावलाच नव्हता, मग फाटला कसा? त्याला पटवणं अवघड जातं. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंच्या स्पीकरांना कागदाचीच चुणीदार कड असायची, ती साठ वर्षांनीही धड सापडते.

कड बदलणं हे माझ्या आवडीचं काम. आधी जुना लगदा अंगठ्यानं आणि स्पिरिटच्या बोळ्यानं काढायचा. थिनर वापरायचा नाही, प्लॅस्टिकचा कोन असेल तर तो विरघळतो. कोनाची कड आणि चौकटीची आतली कड अशी दोन मापं घ्यायची, कारण 'आठ इंची' म्हणून मिळणारे फोम चार प्रकारचे असतात. मग मधली टोपी पात्यानं कापून उचलायची. आत चुंबकाचा खांब आणि त्याच्याभोवती कॉइल दिसते. त्या दोघांच्या मधे एक्स-रेच्या जुन्या फिल्मच्या चार पट्ट्या चार दिशांना सरकवायच्या, म्हणजे कॉइल मधोमध पकडून राहते. या वेळी टेबलावर लोखंडाचा कीस असता कामा नये. चुंबक तो ओढून घेतो आणि एकदा फटीत गेलेला कण सहज निघत नाही. आता फोम आधी कोनाला चिकटवायचा, तो सुकू द्यायचा, मग चौकटीला. रात्रभर ठेवायचं. सकाळी पट्ट्या एकेक करून काढायच्या आणि कोन दाबून कान लावायचा. काहीही ऐकू आलं नाही पाहिजे. मग अगदी खालचा एक सूर हळू आवाजात सोडायचा, कोन डोळ्यांना दिसेल असा डुलतो, तरीही घासण्याचा आवाज नको. तेव्हाच टोपी चिकटवायची. घाई करणाऱ्याला मी काम देत नाही, घाईचं घेतही नाही. लोक म्हणतात, एवढ्यात नवा येतो. नवा येतो खरा, पण त्या खोक्यासाठी ज्या मापाचा, ज्या वजनाचा कोन बनवलेला होता, तसा तो नसतो.

कॉइलच जळाली असेल तर कॉइल, स्पायडर, कोन सगळं नवं टाकता येतं. पंचवीस पॉइंट पाच, पस्तीस पॉइंट पाच अशा मापांच्या कॉइली तयार मिळतात. चांगल्या जड चुंबकाच्या वूफरला मी ते करतो. पत्र्याच्या हलक्या चौकटीच्या, चुंबक नावापुरता असलेल्या स्पीकरला करत नाही. तिथं सरळ सांगतो, नवा घ्या.

कधी कधी मात्र सगळं धड असतं आणि तरी माणूस म्हणतो, आवाज पहिल्यासारखा नाही. औसा तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी याच तक्रारीनं माझ्या लातूरच्या टेबलाशी यायचे. त्यांच्याकडं जुना डेक, शास्त्रीय गाण्याच्या कॅसेटी वहीत नोंद करून ठेवलेल्या. मी डेक तपासला, हेड साफ केलं, दोन्ही खोकी मोजली, दोष नाही. "गुरुजी, इथं तर चांगला वाजतोय." "इथं वाजतो. घरी किंचाळतो." म्हणून घरी गेलो आणि दारातच कळलं. नवं घर. स्लॅब, चारी भिंती गुळगुळीत रंगवलेल्या, खाली चकचकीत टाइल, काचेच्या खिडक्या, खोलीत दोन खुर्च्या आणि एक लोखंडी कॉट. टाळी वाजवली तर टाळी परत आली.

आमच्याकडची जुनी घरं दगडमातीची, जाड भिंतींची, वर लाकडी सरे-तुळया आणि त्यावर मातीचं माळवद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तीच माती आणि तेच दगड झोपलेल्या माणसांवर आले. त्यानंतर या भागात ज्याला जमलं त्यानं सिमेंटचं घर बांधलं, आणि ते योग्यच झालं. ती घरं परत यावीत असं म्हणायची कुणाची छाती नाही. पण माती आणि शेण आवाज पीत होते, हे खरं आहे. सिमेंट आणि टाइल तो परत फेकतात. गुरुजींचा डेक होता तोच होता. त्याच्याभोवतीची भिंत बदलली होती.

१८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडं असंच एक घुमणारं व्याख्यानगृह सुधारायला दिलं होतं. त्यानं जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या रात्री आणून तिथं मांडल्या आणि किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं ते मोजलं. त्यातून जे गणित निघालं ते आजही सभागृहं बांधताना वापरतात. गुरुजींच्या घरात गणिताची गरज नव्हती. समोरच्या भिंतीला सतरंजी टांगली, खाली जाड चटई, खिडकीला पडदा, आणि त्यांची पुस्तकांची मांडणी आतल्या खोलीतून उचलून बाहेर मागच्या भिंतीशी आणली. खोकी कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हातभर पुढं घेतली. गुरुजींनी कुमार गंधर्वांची कॅसेट लावली आणि एक बाजू संपेपर्यंत आम्ही कुणीच बोललो नाही. कॅसेट संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "मग नवे स्पीकर नकोत ना?" नकोत.

नवे घ्यायचेच असतील तेव्हा मी काय पाहतो? वॅट सगळ्यात शेवटी. खोक्यावर पीएमपीओचे हजारो वॅट छापलेले असतात त्यांना काही अर्थ नाही. सेट उलटा करून मागच्या पट्टीवर तो वीज किती खातो ते वाचा. आत १२-०-१२ चा तीन अँपियरचा ट्रान्सफॉर्मर असेल तर चोवीस गुणिले तीन, बहात्तर वॅट, एवढंच आत येतं. बाहेर त्याच्यापेक्षा जास्त कुठून पडणार? त्यातलंही बरंच उष्णतेत जातं. वॅटपेक्षा सेन्सिटिव्हिटी महत्त्वाची. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल, हा तो आकडा. एक स्पीकर ८६ चा आणि दुसरा ८९ चा असेल तर पहिल्याला तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट ताकद द्यावी लागते. तीन डेसिबलचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण लहान ॲम्प्लिफायरवाल्या घरात तोच ट्विटर वाचवतो.

त्याच्या आधी ओहम. आठसाठी बनवलेल्या ॲम्प्लिफायरला चारचा लावला तर करंट दुप्पट ओढला जातो. आवाज पहिल्या दिवशी मोठा येतो, माणूस खूश होतो, आणि मे महिन्यात सेट बंद पडतो. दोन आठचे समांतर जोडले तरी चारच होतात, हे मंडपवाल्यांना पाठ असतं पण घरी विसरलं जातं. वूफर बदलताना खोकं कोणतं ते पाहायचं. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि त्यांच्यामागून रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरीच्या दशकात स्पीकर आणि खोकं यांचा हिशेब मांडून दिला, म्हणून आज चांगल्या कंपन्या वूफरच्या कागदावर त्याचे आकडे देतात. ते आकडे नसतील तर निदान कोनाचं वजन, कडेचा ताठपणा आणि चुंबकाचा आकार जुन्याशी ताडून पाहायचा. भोकात बसला म्हणजे जुळला असं होत नाही. आणि शक्यतो जोडी बदलायची. एक जुना, एक नवा असला की गाणारा माणूस दोघांच्या मधोमध उभा न राहता नव्याकडं सरकतो.

ट्विटर बदलताना त्याच्या पायाशी असलेला कॅपॅसिटर विसरू नये. आठ ओहमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरड लावला तर सव्वाचार हजार हर्ट्झच्या खालचं तो हळूहळू अडवत जातो, ३.३ लावला तर हद्द सहा हजारांवर जाते. लहान, नाजूक ट्विटरला ३.३ द्यावा. स्वस्तातल्या खोक्यात कॅपॅसिटरच नसतो, असंही मी पाहिलं आहे. तिथं ट्विटर जळणार नाही तर काय होणार?

हे सगळं झाल्यावरही एक गोष्ट उरते, ती मीटरवर येत नाही. ऐकणारं माणूस. लातूरला अंबाजोगाई रोडकडच्या एका घरून आजींसाठी मोठा सेट निवडायला मला बोलावलं होतं. आजींचं वय ऐंशीच्या पुढं. सकाळ-संध्याकाळ हरिपाठ आणि कीर्तनं ऐकायच्या, आणि म्हणायच्या, "बुवा काय बोललाले ते कळंना गेलंय. आवाज हाय, शब्द नाहीत." मुलानं आवाज वाढवला, मग बेस वाढवला, मग म्हणाला मोठे वूफर घेऊ. मी खोकी तपासली. एका ट्विटरचा कॅपॅसिटर गेला होता, तेवढंच. नातवाला ऐकवलं, त्याला शब्द न् शब्द कळत होता. वयानुसार कानातले वरचे सूर आधी जातात. स, श, त, फ, ख या अक्षरांची ओळख त्याच वरच्या सुरांत असते. स्वर खालच्या सुरांत राहतात. म्हणून आजींना आवाज ऐकू येत होता पण शब्द कळत नव्हता, आणि मोठे वूफर लावले असते तर तो आणखी बुडाला असता. घरच्यांना मी कान तपासून घ्यायला सांगितलं, कारण ते काम डॉक्टरांचं. माझ्या हातात होतं ते केलं. चार इंची फुल रेंज स्पीकरचं एक छोटं खोकं, कॉटच्या उशाशी, आजींच्या कानापासून हातभरावर, तोंड त्यांच्याकडं. बेस खाली, ट्रेबल थोडी वर. एवढ्या जवळून भिंतींचं घुमणं आड येत नाही आणि आवाजही मोठा लागत नाही.

मोठ्या सेटसाठी बाजूला काढलेल्या पैशांतले बहुतेक पैसे उरले. जुन्या खोक्यांत दोन्ही बाजूंना नवे ३.३ चे कॅपॅसिटर टाकून ती नातवाच्या खोलीत लावून दिली, आणि त्याला डीसीचं प्रोटेक्शन बोर्ड कशासाठी असतं ते मीटर लावून दाखवलं. आजींनी दुसऱ्या दिवशी मुलाकडून फोन लावून घेतला. बुवांनी मधेच एक दृष्टांत चुकीचा सांगितला, ही तक्रार त्यांना करायची होती.